लाडबोरीच्या आकाशातून पडलेलं कडं

2 एप्रिल 2022. शनिवार, गुढीपाडवा. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, गडचिरोलीला खेटून असलेल्या झाडीपट्टीत उन्हाळा चांगलाच तापलेला होता. धानाच्या बांध्या रिकाम्या पडलेल्या, मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी काठ सोडून आत सरकलेलं, आणि जंगलात मोहफुलांचा हंगाम ऐन भरात आलेला. दिवसभराचं ऊन उतरल्यावर माणसं अंगणात येऊन बसली होती. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सामूहिक जेवणाची तयारी चालली होती. पाडव्याची बारीक कोर सूर्यामागोमाग मावळून गेलेली, त्यामुळे आकाश काळंभोर होतं. पश्चिमेला मृग कलला होता, ईशान्येला सप्तर्षी वर चढत होते.

पावणेआठच्या सुमारास वायव्येकडून आग्नेयेकडे जळत्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकत गेली. ती एकट्या सिंदेवाहीला दिसली नाही. मध्य प्रदेशात झाबुआ-बडवानीकडून, महाराष्ट्रात जळगाव, अकोला, नागपूर या भागांतून लोकांनी ती पाहिली आणि मोबाइलवर टिपली. पुढे एक मोठा गोळा, मागे लहान-मोठे तुकडे, प्रत्येकाला आपापली शेपटी. उल्का असती तर ‘बघ’ म्हणेस्तोवर विझून गेली असती. ही रांग मात्र घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलावण्याइतका वेळ दिसत राहिली. कोणी विमान जळतंय म्हणालं, कोणी धूमकेतू म्हणालं, कोणी क्षेपणास्त्र. कोणी हात जोडले.

लाडबोरीत ती नुसती दिसून थांबली नाही. घरांजवळच्या मोकळ्या जागेत मोठा आवाज करून काहीतरी कोसळलं. स्फोट होईल या भीतीने माणसं घरात शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाहीत. मग धीर करून काही जण पुढे गेले. जमिनीवर एक धातूचं कडं पडलेलं होतं. साधारण तीन मीटर व्यासाचं, काळवंडलेलं, नीट गोल. माणूस आत हात पसरून उभा राहिला तरी दोन्ही बाजूंना जागा उरेल एवढं. पाच-पन्नास पावलं इकडे-तिकडे झालं असतं तर या लेखाचा सूर वेगळा असता. एकाही माणसाला इजा झाली नाही, हे आधी सांगून टाकलं पाहिजे.

रात्रीच पोलीस आणि महसूल खात्याची माणसं पोहोचली आणि कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेलं. दुसऱ्या दिवशी पवनपार गावाच्या परिसरात एक गोळा सापडला. अर्ध्या मीटरच्या आसपास व्यासाचा, एखाद्या मोठ्या भोपळ्यासारखा, वरचं आवरण जळून धागे उसवलेला. त्यानंतरच्या दिवसांत आसपासच्या जंगलात आणि शेतशिवारात तसे आणखी गोळे मिळाले. मोहफुलं वेचायला, सरपणाला, गुरांमागे जाणाऱ्या माणसांच्याच नजरेला असं काही पडणार. त्या एका आठवड्यात सिंदेवाही तालुक्याचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

ही भीती विदर्भाला नवी नव्हती. 1979 च्या जुलैत अमेरिकेची स्कायलॅब ही अवकाश प्रयोगशाळा कोसळणार, ती नेमकी कुठे पडेल हे कोणालाच सांगता येत नाही, अशी बातमी रेडिओवरून खेडोपाडी पोचली होती. आता सगळं संपणार म्हणून लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्याच्या आठवणी त्या पिढीची माणसं अजून सांगतात. 11 जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. त्या वेळी आकाशातलं संकट रेडिओवरच्या शब्दांतून आलं आणि शब्दांतच विरलं. 2022 मध्ये मात्र ते हात लावून पाहता येत होतं.

मग हे होतं काय?

पहिला अंदाज त्याच दिवशीच्या एका उड्डाणाकडे गेला. रॉकेट लॅब या कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट त्या संध्याकाळी भारतीय वेळेनुसार सहाच्या पुढे न्यूझीलंडहून उडालं होतं आणि वेळेचा मेळ बसतोय असं अनेकांना वाटलं. पण कड्याचा व्यास त्या अंदाजाच्या आड आला. इलेक्ट्रॉन हे सडपातळ रॉकेट, जेमतेम सव्वा मीटर व्यासाचं. तीन मीटरचं कडं त्यात मावणारच नाही. त्या वेळी हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रात असलेले जोनाथन मॅकडॉवेल रॉकेटांच्या आणि उपग्रहांच्या कक्षांची बारीक नोंद ठेवतात. त्यांनी सांगितलं की हा चीनच्या चांग झंग-3बी या रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेला, आणि नेमका त्या वेळी वातावरणात परतणं अपेक्षित असलेला. त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर. कडं जुळलं.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे जुळणं. अमेरिकेतला एक माणूस टेबलाशी बसून कक्षांचे आकडे पाहतो आणि लाडबोरीच्या मातीत पडलेल्या वस्तूचं कूळ सांगतो. हे त्याला कसं जमलं, हे समजून घ्यायला चारशे वर्षं मागे जावं लागतं.

चांग झंग-3बी हे रॉकेट उपग्रहांना पृथ्वीपासून सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर पाठवण्यासाठी वापरतात. उपग्रह सोडून दिल्यावर तिसरा टप्पा रिकामा होऊन लांबुळक्या कक्षेत फिरत राहतो. एक टोक पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटरवर, दुसरं टोक पस्तीस हजारांच्या पुढे. ही कक्षा लंबवर्तुळाची असते. पृथ्वीजवळ येताना टप्पा सुसाट धावतो, सेकंदाला दहा किलोमीटर आणि वर. दूरच्या टोकाला गेला की रेंगाळतो. जवळच्या टोकाला हवेचा अगदी विरळ पदर लागतो. तेवढ्याने त्याचा वेग इवलासा कमी होतो आणि परिणाम दिसतो तो दुसऱ्या टोकाला: पुढच्या फेरीत तो तितका उंच जात नाही. महिन्यांमागून महिने असं चालतं. दहा-साडेदहा तासांची फेरी घटत घटत दीड तासावर येते, लंबवर्तुळ आखडत वर्तुळाकडे झुकतं, आणि शेवटी एका फेरीला टप्पा हवेत शिरतो तो परत बाहेर पडत नाही. या टप्प्याला त्यासाठी चौदा महिने लागले.

जवळ असताना वेगात आणि दूर असताना संथ, हा नियम योहान्नेस केप्लरला सापडला तो मंगळामुळे. टायको ब्राहेने नुसत्या डोळ्यांनी, दुर्बिणीशिवाय केलेल्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती होत्या. वर्तुळं जोडून जोडून केप्लरने मंगळाची कक्षा बसवली. सगळं जुळलं, फक्त आठ कलांचा फरक उरला. आठ कला म्हणजे आकाशात चंद्रबिंबाच्या जेमतेम चौथाईइतकं अंतर. दुसरा कोणी असता तर त्याने तेवढं सोडून दिलं असतं. टायकोच्या नोंदीत एवढी चूक असणार नाही, असा केप्लरला विश्वास होता. म्हणून त्याने दोन हजार वर्षं पूज्य मानलेलं वर्तुळ टाकून दिलं आणि 1609 मध्ये मंगळ लंबवर्तुळात फिरतो असं छापून मांडलं. त्या आठ कलांतून निघालेला नियम गुरूला लागू पडतो, शनीला पडतो, चंद्राला पडतो, आणि रिकाम्या झालेल्या चिनी रॉकेटलाही पडतो. विज्ञानात सौंदर्य कुठे असतं असं कोणी विचारलं तर मी या आठ कलांकडे बोट दाखवीन.

आता त्या रात्रीची आग. हवेत शिरताना टप्प्याचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास असतो. एवढ्या वेगाने येणाऱ्या वस्तूसमोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, दाबल्यामुळे हजारो अंशांपर्यंत तापते आणि झळकते. जळगावपासून सिंदेवाही सरळ रेषेत सव्वाचारशे किलोमीटर आहे. आगीच्या त्या रांगेला हे अंतर कापायला मिनिटभर पुरेसं होतं. उल्का याच्या कितीतरी पट वेगाने येऊ शकतात, सेकंदाला सत्तर किलोमीटरपर्यंत, आणि बहुतेक वाळूच्या कणांएवढ्या असतात. म्हणून त्या क्षणात संपतात. रॉकेट संथ आणि तिरकं येतं. जमिनीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर त्याची मोडतोड होते. वितळणारं वितळून जातं. जे हलकं पण आकाराने मोठं आहे त्याला हवा लवकर अडवते, त्यामुळे ते पुरतं तापण्याआधीच मंदावतं. मग उरलेलं अंतर ते न झळकता, अंधारात, साध्या पडणाऱ्या वस्तूसारखं खाली येतं. कडं तसं आलं. गोळेही तसेच आले.

त्या गोळ्यांपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण ती गोष्ट फिरून आपल्याच मुलखात येते.

हे गोळे म्हणजे खूप दाबाखाली वायू साठवण्याच्या टाक्या. आत धातूचं अस्तर, वरून बळकट धाग्यांचे वेढे. पवनपारच्या गोळ्यावर जे उसवलेले, जळके धागे दिसत होते ते हेच. रॉकेटमधल्या अशा टाक्यांत बहुतेक वेळा हेलियम भरतात. इंधन खर्च होत जाईल तशी मुख्य टाकी रिकामी होते, आणि आतला दाब टिकवायला असा वायू लागतो जो कशाशीही संयोग पावत नाही, जळत नाही, आणि पराकोटीच्या थंडीतही वायूच राहतो. हेलियम या सगळ्याला उतरतो.

आणि हेलियम माणसाला पहिल्यांदा सापडला तो सूर्यावर. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याकडे गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन गुंटूरला तळ टाकून होता. चंद्राने सूर्यबिंब झाकल्यावर कडेला उसळलेल्या लालभडक ज्वाळांचा प्रकाश त्याने वर्णपटदर्शकातून पाहिला. त्या ग्रहणात अनेकांना पट्ट्यांमध्ये एक पिवळी रेषा दिसली. सोडियमची रेषा असते तिच्या जवळ, पण तिच्या जागेवर नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियरने ग्रहण नसताना सूर्याच्या कडेवर तीच रेषा पकडली. पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. सूर्यावर काहीतरी नवं आहे असं त्याने म्हटलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला नाव मिळालं. पुढची सत्तावीस वर्षं ते नुसतं नावच होतं. 1895 मध्ये विल्यम रॅम्झीने युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत ती पिवळी रेषा पाहिली, तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडला.

त्यानंतर तीनच वर्षांनी विदर्भात खग्रास ग्रहण आलं. 22 जानेवारी 1898. या वेळचा पट्टा कोकणातून शिरून जेऊर, पुलगाव, नागपूर या दिशेने बक्सरकडे गेला. लॉकियर स्वतः विजयदुर्गला आला. जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली उपकरणं घेऊन उभे होते. शेजारीच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. आणि वर्धा नदीच्या अल्याड-पल्याड, पुलगाव आणि तळणी या रेल्वेच्या लहान ठिकाणी इंग्रज खगोलशास्त्रज्ञांचे तंबू पडले होते. तळणीला एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांची पत्नी ॲनी माँडर होती. ॲनी केंब्रिजला गणित शिकलेली आणि ग्रीनिच वेधशाळेत सूर्याच्या डागांचं काम केलेली. लग्न झाल्यावर त्या काळच्या नियमाने तिला नोकरी सोडावी लागली होती. तळणीला तिच्याकडे दीड इंच भिंगाचा एक लहानसा कॅमेरा होता. दोन मिनिटांच्या आसपासच्या त्या अंधारात तिने सूर्याच्या प्रभामंडलातून निघालेला एक लांबच लांब किरण टिपला. तोवर कोणाच्याही छायाचित्रात इतका लांब किरण आला नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणी घेऊन आलेल्या पुरुषांच्या मोहिमांमध्ये हे काम एका बाईच्या दीड इंची भिंगाने केलं, आणि ते वऱ्हाडातल्या शेतशिवारात केलं. आपल्याकडच्या शाळांमध्ये ही गोष्ट सांगितली जात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, जिल्हा त्या पट्ट्याच्या दक्षिणेला राहिला. तिथे पूर्ण अंधार झाला नाही, सूर्याची कोर उरली. चांद्याच्या रानातल्या माणसांनी ती कोर पाहून काय म्हटलं, याची नोंद करायला मात्र कोणी तंबू ठोकला नाही.

ती उणीव फार उशिरा, आणि थोडीच, भरून निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या सुमारे पंधरा गोंड गावांत जाऊन तिथल्या लोकांना आकाशाबद्दल विचारलं. 2013 मध्ये त्यांचा लेख खगोलशास्त्राच्या इतिहासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. पुढे कोलाम, बंजारा, कोरकू यांच्या आकाशाबद्दलही असंच काम झालं. गोंडांचं आकाश भारतातल्या इतर परंपरांपेक्षा स्पष्टपणे वेगळं आहे, हा त्यांचा निष्कर्ष. सप्तर्षींत ऋषी नाहीत. चौकोनाचे चार तारे म्हणजे खाट, आणि मागचे तीन तारे म्हणजे ती पळवून न्यायला आलेले चोर. मृगाच्या जागी हरीण आणि त्यात रुतलेला बाण नाही, नांगर आहे. या आकाशात राजे, अप्सरा, शापित ऋषी फारसे सापडत नाहीत. घरातली वस्तू आणि शेतातलं अवजार वर दिसतं.

खाट आणि चोरांची गोष्ट गोंडांपुरती नाही. मराठी मुलखात कितीतरी आज्यांनी ती नातवंडांना अंगणात झोपवताना सांगितली आहे. पण लहानपणी ऐकलेली गोष्ट आणि वर्षाचं काम लावून देणारं आकाश यांत फरक आहे. ज्याला नांगर दिसतो त्याला तो संध्याकाळी मावळतीला गेला की पाऊस किती लांब आहे हेही कळतं. ते शहाणपण पंचांगात छापलेलं नसतं, म्हणून त्याला खगोलशास्त्र म्हणायला आपण कचरतो. कचरू नये. टायकोच्या नोंदीही नुसत्या डोळ्यांनी आणि रात्री जागूनच झाल्या होत्या.

आता पुन्हा एप्रिल 2022 कडे. वर्तमानपत्रं आणि वाहिन्या पडलेल्या कड्याचे फोटो दाखवत होत्या तेव्हा त्याच आकाशाच्या दुसऱ्या टोकाला काय चाललं होतं, हे फार थोड्यांनी सांगितलं. पाहत मात्र हजारो जण होते. मोहफूल रात्री उशिरा गळायला लागतं आणि पहाटेपर्यंत झाडाखाली सडा पडतो. ऊन चढलं की फूल सुकतं, त्याआधी गुरं आणि रानजनावरं त्यावर ताव मारतात. म्हणून झाडीपट्टीतली आणि गडचिरोलीतली माणसं, त्यात बायका आणि पोरं जास्त, अंधार असतानाच टोपल्या घेऊन निघतात. ओणवं होऊन फिकट पिवळी, रसाळ फुलं एकेक करून वेचायची. कंबर दुखली की उभं राहायचं, पाठ सरळ करायची. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या जंगलात वाघ आहे, त्यामुळे उभं राहिल्यावर आधी चारी बाजूंना नजर जाते. मग समोर, पूर्वेला.

त्या महिन्यात पूर्वेला शुक्राची चांदणी डोळे दिपवील अशी तळपत होती. तिच्या जवळपासच मंगळ आणि शनी होते, आणि 4-5 एप्रिलच्या पहाटे हे दोघे इतके जवळ आले की त्यांच्यामध्ये पुरतं चंद्रबिंबही मावलं नसतं. लाडबोरीत कडं पडून तेव्हा तीनच दिवस झाले होते. मंगळ तांबूस, शनी पिवळसर, उजेडात जवळजवळ सारखे. महिना पुढे सरकला तसा क्षितिजालगत गुरू वर आला आणि चारही ग्रह एका तिरक्या रेषेत उभे राहिले. 30 एप्रिल आणि 1 मेच्या पहाटे शुक्र गुरूला अगदी खेटून गेला. हे बघायला दुर्बीण लागत नव्हती, भिंगही लागत नव्हतं. पहाटे उठावं लागत होतं, आणि जंगलातली माणसं उठलेलीच होती.

एकाच महिन्यात एकीकडे केप्लरचे नियम पाळत कोसळलेलं रॉकेट आणि दुसरीकडे तेच नियम पाळत जवळ आलेले मंगळ-शनी. खरं म्हणजे मंगळ आणि शनी जवळ आलेलेच नव्हते. मंगळापेक्षा शनी कितीतरी पट लांब होता. आपण पृथ्वीवरून ज्या रेषेत बघत होतो ती रेषा त्या दोघांवरून जात होती, इतकंच. पण ही ‘इतकंच’ची समज आली की ते दृश्य उणं होत नाही. सपाट काळ्या छतावर दोन ठिपके शेजारी आले, याऐवजी जवळचा एक लहान लाल ग्रह आणि त्याच्या मागे, दूर खोलवर, कड्या घालून बसलेला प्रचंड ग्रह दिसू लागतो. छताला खोली येते. मोहाच्या झाडाखाली उभ्या राहिलेल्या एखाद्या मुलीला ही खोली कोणी एकदा दाखवली तर ती आयुष्यभर तिच्याजवळ राहील.

असं दाखवणारी माणसं या जिल्ह्यांत अगदीच नाहीत असं नाही. चंद्रपूरचे सुरेश चोपणे यांच्यासारखे अभ्यासक आकाश, पर्यावरण आणि जीवाश्म या विषयांवर वर्षानुवर्षं लोकांशी बोलत आले आहेत. गोळे आणि कडं सापडल्यावर काही दिवसांनी इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला आले, त्यांनी वस्तू तपासल्या. अफवांना आळा बसला तो यामुळे. एका देशाच्या अवकाशातल्या वस्तूने दुसऱ्या देशात नुकसान केलं तर भरपाई कोणी द्यायची यासाठी 1972 चा आंतरराष्ट्रीय करार आहे. 1978 मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस-954 हा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात पडला तेव्हा त्याच्या आधारे मागणी झाली आणि कॅनडाला तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळाले. लाडबोरीत नुकसान झालं नाही, त्यामुळे तसा प्रश्न आला नाही. पण रिकामा टप्पा कुठे पडेल याचा विचार न करता वर सोडून द्यायचा ही रीत धोक्याची आहे. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये आणंदच्या बाजूला पुन्हा तसेच गोळे पडले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांकडे मात्र एक गोष्ट अशी आहे जी मोठ्या शहरांनी कधीच गमावली. अंधार. 1982 मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही बहुतांश जंगलाखाली आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत अमावास्येच्या आसपास आकाशगंगा एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत दिसते. चंद्रपूर शहराकडे यावं तसा महाऔष्णिक वीज केंद्राच्या 2,920 मेगावॉटचा आणि कोळसा खाणींचा उजेड आकाशावर चढत जातो. वीज हवीच, जंगलातल्या गावांना तर ती अजून पुरती आणि नेमाने मिळाली पाहिजे. पण दिवा खाली उजेड पाडण्यासाठी असतो, तो आकाशात सांडायला नको. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे मनावर घेतलं. दिवे बदलले, त्यांची तोंडं खाली वळवली, आणि जानेवारी 2024 मध्ये पेंच हे भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरलं. ताडोबाला वाघ पाहायला जगभरातून माणसं येतात आणि रात्री रिसॉर्टच्या दिव्यांखाली बसून राहतात. त्यांना बाहेर अंगणात नेऊन खाट आणि तीन चोर दाखवणारा एक गोंड गाइड प्रत्येक प्रवेशद्वारापाशी नेमला तर त्या गाइडला काम मिळेल आणि पाहुण्याला आयुष्यात न पाहिलेलं आकाश मिळेल.

मुलांसाठीही काही करता येईल. लाडबोरीत पडलेल्या कड्याची त्याच मापाची प्रतिकृती सिंदेवाहीच्या शाळेत बनवून ठेवणं फार खर्चाचं काम नाही. तीन मीटर व्यासाचं वर्तुळ मुलांनी मैदानावर चुन्याने आखलं तरी चालेल. त्यात उभं राहून इलेक्ट्रॉन रॉकेटचं सव्वा मीटरचं वर्तुळ आत आखायचं, म्हणजे पहिला अंदाज का चुकला ते मुलांना पायाखाली दिसेल. शेजारी एक लंबवर्तुळ: दोन खुंट्या, एक सुतळी, एक काठी. दोन खुंट्यांभोवती सुतळी ताणून काठी फिरवली की मंगळाची, रॉकेटची आणि पृथ्वीची वाट एकाच रीतीने उमटते. तालुक्याच्या इतिहासात एवढा मोठा भूगोल-विज्ञानाचा पाठ आपण होऊन चालत आलेला आहे. तो पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत बंद राहू नये.

त्यासाठी एक मुहूर्तही आधीच ठरलेला आहे. शुक्राचं वेळापत्रक दर आठ वर्षांनी, दोन-तीन दिवसांच्या फरकाने, पुन्हा तेच येतं: सूर्याभोवती पृथ्वीच्या आठ फेऱ्या होतात तेवढ्यात शुक्राच्या तेरा. 2030 च्या एप्रिलात गुरू, शनी आणि मंगळ भलत्या जागी असतील, पण शुक्र पहाटे पूर्वेला, 2022 मध्ये होता जवळपास त्याच जागी, तितकाच तेजस्वी असेल, आणि झाडाखाली मोहफुलांचा सडा पडलेला असेल. 2022 मध्ये आईच्या मागून टोपली धरून गेलेली सात-आठ वर्षांची मुलगी तेव्हा नववी-दहावीत असेल. तिच्या विज्ञानाच्या बाईंनी त्या पहाटे वर्ग मोहाखालीच भरवावा.